पुठ्ठ्याची भिंत आणि दगडातलं पाणी

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या जुन्या घराची दुरुस्ती निघाली की लाकडी तुळयांवर विटांची भिंत चढवायला कुणी धजत नाही. मग जिप्सम बोर्डाचं पार्टिशन सुचवलं जातं, आणि घरातलं एखादं वडीलधारं माणूस नमुन्याच्या तुकड्यावर टिचकी मारून निकाल देतं, "हा तर पुठ्ठा! एक काडी लागली की खलास."

पुठ्ठा आहे खरा, पण तो वरून-खालून. मधला पांढरा थर जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा. त्यातल्या दर कॅल्शियम सल्फेटमागे पाण्याचे दोन रेणू स्फटिकात पक्के बसलेले असतात. ही ओल नव्हे; बोर्ड हाताला कोरडा ठणठणीत लागतो. शाळेतले अणुभार मांडून बघा: 172 पैकी 36, म्हणजे वजनाच्या सुमारे 21 टक्के पाणीच. साडेबारा मिलिमीटर जाडीचा बोर्ड चौरस मीटरला आठ-नऊ किलो भरतो, म्हणजे तेवढ्या तुकड्यात दीड लिटरच्या वर पाणी.

आग लागली की वरचा कागद जळतो आणि आच जिप्समला भिडते. शंभर अंशांच्या पुढे हे पाणी स्फटिकातून सुटू लागतं. आधी दोनांपैकी दीड रेणू जातो, मग उरलेला अर्धा. सुटलेल्या पाण्याची वाफ व्हायला प्रचंड उष्णता लागते: शून्य अंशाचं पाणी उकळीला आणायला जेवढी लागते, तिच्या पाचपटीहून जास्त. ही सगळी उष्णता आगीच्या खात्यातून जाते. त्यामुळे पुढची बाजू लालबुंद झाली तरी मागची बाजू पाणी संपेपर्यंत शंभर अंशांच्या आसपास रेंगाळते.

दीड रेणू गेल्यावर उरतं ते पीओपी. गणपतीच्या कारखान्यात साच्यात ओतलेलं पीओपी घट्ट होताना हात लावला तर चांगलं गरम लागतं. ते पाणी परत आत घेऊन पुन्हा जिप्सम होत असतं. पाणी आत बसताना जी उष्णता बाहेर पडते, तेवढीच ते बाहेर काढताना आगीला मोजावी लागते, वर वाफेचा खर्च वेगळा. मला तर हा हिशेब रसायनशास्त्रातला सर्वांत सुंदर हिशेब वाटतो.

पाणी संपलं की मात्र जिप्सम आकसतं, तडकतं, गळून पडतं. म्हणून आगरोधक बोर्डात काचेचे तंतू घालतात, ते तुकड्यांना धरून ठेवतात. काहींत व्हर्मिक्युलाइट नावाचं खनिजही असतं. ते उष्णतेने फुगून आकसण्याची भरपाई करतं. स्वयंपाकघर आणि जिन्याशेजारी हाच बोर्ड घ्या. 'शंभर टक्के फायरप्रूफ' म्हणणाऱ्याला किती मिनिटं टिकेल ते विचारा, आणि तेही बोर्ड ज्यावर बसवतात तो सांगाडा, स्क्रू, सांधे धरून. ओटा आग्नेयेला आहे म्हणून साधा बोर्ड चालेल, असं सांगणारेही भेटतात. जिप्समला दिशा कळत नाहीत. शेगडीमागे मात्र बोर्ड लावूच नका. पन्नास अंशांच्या वर सतत तापत राहिला तर आगीशिवायही हळूहळू पाणी गमावून भुसभुशीत होतो.

आवाजाचं गणित वेगळं. बोर्डाचे दोन पापुद्रे, मध्ये हवा आणि रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंचा कापसासारखा थर, एवढ्याने बोलणं आणि टीव्ही बराच अडतो. पण नवरात्रात गरब्याच्या मैदानावरून येणारा ढोलाचा दणका हलक्या भिंतीला सहज हलवतो. दोन्ही बाजूंना बोर्डाचा दुसरा थर दिला तर फरक पडतो, पण दणका पूर्ण थांबत नाही. एसीच्या पाइपाभोवतीची फट बुजवली नसेल तर सगळाच खर्च वाया. तिथूनच आवाज येतो आणि धूरही.

देखभालीचा खरा शत्रू पाणी. हिरवा बोर्ड न्हाणीघराची दमट हवा सोसतो, पूर नाही. ऑगस्ट 2024 मध्ये विश्वामित्री नदीचं पाणी घराघरांत शिरलं, तसं झालं तर बोर्ड ते खालून वर शोषत जातो आणि कागदावर बुरशी धरते. म्हणून बसवतानाच बोर्ड फरशीपासून सेंटिमीटरभर वर ठेवायचा. भिजलाच तर वरून रंग मारून झाकायचा नाही. पाण्याच्या खुणेच्या फूटभर वरपर्यंत कापून काढायचा, आतलं भिजलेलं रॉकवूल फेकायचं, आणि सांगाडा पूर्ण वाळल्यावरच नवा तुकडा जोडायचा.