‘ब² − ४अक’ येतं कुठून?

दहावीला अ क्ष² + ब क्ष + क = ० या वर्गसमीकरणाचा विवेचक शिकवतात तो बहुतेकदा असा: अ, ब, क च्या किमती ब² − ४अक मध्ये घाला. धन आला तर मुळं (क्ष ची उत्तरं) वास्तव आणि असमान, शून्य आला तर वास्तव आणि समान, ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत. मुलं हे घोकतात. पण ही राशी कुठून आली हे एकदा दिसलं, की घोकण्यासारखं काही उरतच नाही.

अ क्ष² + ब क्ष + क = ० हे समीकरण ४अ ने गुणा. दोन्हीकडे ब² मिळवा आणि ४अक उजवीकडे न्या. आता डावीकडे बघा: ४अ²क्ष² + ४अब क्ष + ब², म्हणजे (२अ क्ष + ब)². आणि उजवीकडे? ब² − ४अक! किती देखणी युक्ती आहे ही. ती जुने गणिती श्रीधराचार्य यांची, भास्कराचार्यांनी १२व्या शतकात आपल्या ‘बीजगणित’ ग्रंथात ती त्यांच्या नावानिशी दिली.

डावी बाजू पूर्ण वर्ग, आणि वास्तव संख्येचा वर्ग कधीच ऋण नसतो. मग उजवी बाजू ऋण असेल तर क्ष मिळणार कसा? ऋण संख्येला वर्गमूळ नाही, कारण ती कुणाचा वर्गच नाही, असं भास्कराचार्यांनीही त्याच ग्रंथात म्हटलं आहे.

२० मीटर जाळी आहे आणि तिने २४ चौरस मीटरचा आयताकृती वाफा घेरायचा आहे. लांबी-रुंदीची बेरीज १०, म्हणून क्ष(१० − क्ष) = २४, म्हणजेच क्ष² − १०क्ष + २४ = ०. विवेचक १०० − ९६ = ४. मुळं ६ आणि ४. तीच वाफ्याची लांबी-रुंदी. क्षेत्रफळ २५ हवं असेल तर विवेचक शून्य, वाफा ५ मीटरचा चौरस. ३० हवं असेल तर १०० − १२० = −२०. असा आयताकृती वाफा होणारच नाही, लांबी-रुंदी कितीही बदलून पाहा. २० मीटर जाळीत २५ चौरस मीटरपेक्षा मोठा आयत बसत नाही, हे वाफा न आखताच कळलं.

विवेचक काढताना चुका होतात त्या चिन्हांत. २क्ष² = ३क्ष + ५ यात आधी सगळी पदं एका बाजूला घ्या: २क्ष² − ३क्ष − ५ = ०. ब = −३, पण ब² = ९. क ऋण असल्याने −४अक चं +४० होतं. विवेचक ४९. सहगुणक पूर्णांक असून विवेचक पूर्ण वर्ग आला, की अवयव नक्की पडतात. इथे (२क्ष − ५)(क्ष + १). शेवटचं पद −४ असतं तर विवेचक ४१ आला असता. तिथे अवयव शोधत बसू नका, सरळ सूत्र वापरा: क्ष = (−ब ± √विवेचक) / २अ.