कॅम्पिंग ट्रेलरची बॅटरी: निवड आणि जोडणीविषयी ग्राहकांसाठी माहिती

ट्रेलर घेऊन येणारे बहुतेक ग्राहक आम्हाला पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती एएचची बॅटरी बसवू?’ हा (एएच म्हणजे अँपिअर-अवर, बॅटरीची साठवणक्षमता). आमची विनंती अशी की, त्याआधी दिवसाला आपल्याला किती वीज लागणार आहे याचा हिशेब कागदावर मांडावा, कारण बॅटरी, सोलर पॅनेल, वायरची जाडी आणि एकूण खर्च हे सारे त्याच आकड्यावर ठरते.

हा हिशेब घरच्या वीजबिलासारखा युनिटमध्ये (एक युनिट म्हणजे १,००० वॅट-अवर) करता येतो. मे महिन्यात भंडारदऱ्याला दोन दिवस मुक्काम करणारे चौघांचे कुटुंब उदाहरणादाखल घेऊ. १२ व्होल्टवर चालणारा ४५ वॅटचा कॉम्प्रेसर फ्रिज त्या उकाड्यात निम्मा वेळ चालू राहतो असे धरले, तर दिवसाला ५४० वॅट-अवर लागतात. २५ वॅटचे दोन पंखे आठ तास चालले तर ४००, पाच वॅटचे चार दिवे पाच तास लावले तर १००, चार मोबाइलसाठी ६० आणि पाण्याच्या पंपासाठी जेमतेम १० वॅट-अवर. ही बेरीज १,११० वॅट-अवर, म्हणजे सव्वा युनिटच्या आतच राहते. इंडक्शन शेगडी मात्र या यादीत घालू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो. २,००० वॅटची शेगडी १२ व्होल्टच्या बॅटरीतून जवळजवळ पावणेदोनशे अँपिअर खेचते आणि एवढ्यासाठी सगळी जोडणीच वेगळी करावी लागते. स्वयंपाक गॅसवरच ठेवावा.

दोन दिवस ऊन मिळाले नाही असे गृहीत धरले, तर वरच्या कुटुंबाला सव्वादोन युनिटांचा साठा लागेल. लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीतील ८० ते ९० टक्के वीज निर्धास्तपणे वापरता येते, त्यामुळे १०० एएचच्या दोन बॅटऱ्यांत (१२ व्होल्टची अशी एक बॅटरी सुमारे सव्वा युनिट साठवते) काम भागते आणि दोन्हींचे मिळून वजन २५ किलोच्या आसपास असते. शिसे-आम्लाची सीलबंद एजीएम बॅटरी निम्म्यापेक्षा खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणून त्याच गरजेसाठी तशा चार बॅटऱ्या, म्हणजे सुमारे १२० किलो वजन, ट्रेलरवर चढते. लिथियमची सुरुवातीची किंमत जास्त असली, तरी वर्षातून अनेकदा बाहेर पडणाऱ्यांना आम्ही तीच सुचवतो. वर्षातून एखाद-दोनदाच जाणाऱ्याने मात्र एजीएम घेऊन पैसे वाचवावेत. लडाख किंवा स्पितीकडे थंडीत जाणार असाल, तर शून्य अंशाखाली लिथियम बॅटरी चार्ज करता येत नाही हे लक्षात ठेवावे आणि आतून गरम होणारी बॅटरी घ्यावी.

घरच्या इन्व्हर्टरची उंच ट्युब्युलर बॅटरी ट्रेलरमध्ये ठेवू नये. ती एका जागी स्थिर राहण्यासाठी बनवलेली असते. आमच्याकडे दुरुस्तीला आलेल्या एका ट्रेलरमध्ये अशी बॅटरी पलंगाखालच्या बंद पेटीत ठेवलेली होती. घाटातल्या हेलकाव्यांनी बुचातून आम्ल सांडून गादीच्या खालच्या बाजूला चाळणीसारखी भोके पडली होती आणि चासीच्या पट्टीचा गंज बोटाने खरवडून निघत होता. शिवाय अशी बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन वायू सोडते, त्यामुळे ती झोपायच्या जागेत किंवा गॅस सिलिंडरजवळ असणे धोक्याचे आहे. गाडीची स्टार्टर बॅटरीही या कामाची नाही. तिच्या पातळ प्लेटा क्षणभर मोठा प्रवाह देण्यासाठी असतात, रात्रभर पंखा चालवण्यासाठी नव्हे.

बॅटरी शक्य तितकी खाली आणि आसाच्या जवळ बसवावी, म्हणजे ट्रेलर मागे झुकत नाही व वळणावर डोलत नाही; तिला ट्रेमध्ये ठेवून चासीला पट्ट्याने किंवा क्लॅम्पने आवळावे. मुख्य फ्यूज धन टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आतच हवा. फ्यूजच्या अलीकडे वायर घासून चासीला टेकली, तर प्रवाह थांबवणारे मध्ये काहीच नसते. घरातील एसी एमसीबी येथे वापरू नये, कारण डीसी प्रवाहाची ठिणगी तो खात्रीने तोडू शकत नाही.

वायरच्या जाडीत काटकसर करण्याचा मोह सर्वांनाच होतो. सहा मीटर अंतरावर २० अँपिअर न्यायचे असतील, तर ४ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत जाऊन-येऊन एक व्होल्टहून अधिक घट होते, तर १० चौरस मिलिमीटरच्या वायरीत ती अर्ध्या व्होल्टच्या आत राहते. चांगला फ्रिज ‘लो व्होल्टेज’ दाखवून बंद पडतो, तेव्हा दोष पुष्कळदा बॅटरीचा नसून या वायरीचा असतो. कोकणच्या खाऱ्या हवेत वारंवार जाणाऱ्यांनी कथिलाचा मुलामा दिलेली वायर घ्यावी, म्हणजे लगमधील (वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या जोडपट्टीतील) तांबे लवकर हिरवे पडणार नाही.

चार्जिंगसाठी छतावरील २०० वॅटचे पॅनेल एमपीपीटी कंट्रोलरसह (पॅनेलमधून जास्तीत जास्त वीज काढून बॅटरी चार्ज करणारे उपकरण) स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण ६०० ते ७०० वॅट-अवर देते. जुलैत सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर मात्र त्यावर विसंबू नये. ओढणाऱ्या गाडीतून चार्ज करायचे असल्यास मध्ये डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीकडून येणारा प्रवाह मर्यादेत ठेवणारा) हवाच. रिकामी लिथियम बॅटरी थेट जोडल्यास ती इतका प्रवाह ओढते की, गाडीचा अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. चार्जरची सेटिंग बॅटरीच्या प्रकाराप्रमाणे बदलली आहे ना, हे सुरू करण्यापूर्वी पाहावे.

बॅटरी काढताना ऋण टर्मिनल आधी सोडावे आणि बसवताना ते शेवटी जोडावे. ट्रेलर महिनोन्‌महिने उभा राहणार असेल, तर आयसोलेटर (बॅटरी बाकीच्या जोडणीपासून तोडणारा मुख्य स्विच) बंद करून लिथियम बॅटरी निम्म्या चार्जवर आणि शिसे-आम्लाची पूर्ण चार्ज करून ठेवावी. पहिल्या सहलीत अर्धा तास पूर्ण लोड चालवावा, मग सर्व बंद करून प्रत्येक लगला बोटाने स्पर्श करावा. एखादा लग बाजूच्या वायरीपेक्षा जास्त गरम लागला, तर तो सैल आहे किंवा त्याचे क्रिम्पिंग (वायरीवर दाबून बसवणे) कच्चे आहे असे समजून आम्हाला लगेच कळवावे. ते क्रिम्प आम्ही विनामूल्य पुन्हा करून देतो.