स्तनशस्त्रक्रियेनंतरच्या दीर्घकालीन वेदनेचा प्रतिबंध

स्तनावरील शस्त्रक्रियेची जखम भरून आल्यावरही छाती, काख, खांदा किंवा दंडाची आतली बाजू दुखत राहिली आणि हे दुखणे तीन महिन्यांपलीकडे गेले, तर त्याला दीर्घकालीन शस्त्रक्रियोत्तर वेदना म्हणतात. जंतुसंसर्ग किंवा कर्करोग उलटणे ही कारणे आधी तपासून बाजूला काढावी लागतात. ही तक्रार विरळ नाही. डेन्मार्कमधील स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांची देशव्यापी पाहणी २००९ मध्ये प्रसिद्ध झाली. शस्त्रक्रियेला दोन-तीन वर्षे उलटल्यावरही त्यांतील ४७ टक्के स्त्रियांना दुखत होते आणि दुखणाऱ्यांपैकी १३ टक्के स्त्रियांची वेदना तीव्र होती. स्तनाचा आकार वाढवण्याच्या किंवा कमी करण्याच्या शस्त्रक्रियांनंतरही असे दुखणे मागे राहू शकते.

पुष्कळदा दुखण्याचे मूळ स्तनापेक्षा काखेत सापडते. दुसऱ्या व तिसऱ्या फासळीच्या मधून निघणारी एक बारीक नस काख ओलांडून दंडाच्या आतल्या त्वचेला संवेदना पुरवते. काखेतील लसिका गाठी (लिम्फ नोड) काढताना ती कापली जाते, ताणली जाते किंवा चिमट्यात सापडते. मग एक विचित्र अवस्था येते : काखेचा भाग बधिर असतो, आणि त्याच बधिर जागी आग होते, टोचते, मधेच विजेसारखी कळ जाते. ब्लाउजच्या बाहीचा किंवा ब्राच्या पट्ट्याचा नुसता स्पर्शही काहींना सोसत नाही.

म्हणूनच काखेत कमीत कमी हात घालणे हा प्रतिबंधाचा सर्वांत भक्कम उपाय मानावा लागतो. १९९० च्या दशकात सेंटिनल नोड तपासणी पुढे आली. कर्करोग ज्या गाठींत सर्वप्रथम पोहोचण्याची शक्यता असते तेवढ्याच काढून तपासायच्या, ही तिची कल्पना. सरसकट सगळ्या गाठी काढण्याच्या तुलनेत तिच्यानंतर दुखणे, बधिरपणा आणि हाताची सूज कमी आढळते. सगळ्या गाठी काढणे भागच असेल तर शल्यचिकित्सक ती नस ओळखून जपण्याचा प्रयत्न करू शकतात. त्यामुळे त्वचेची संवेदना टिकायला मदत होते; वेदना टळते, असे मात्र तितक्या ठामपणे म्हणता येत नाही.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही दिवस कसे जातात, यालाही महत्त्व आहे. त्या दिवसांत खूप दुखले असेल तर पुढे दुखणे रेंगाळण्याची शक्यता वाढते. तरुण वय, आधीपासूनचे दुखणे, रेडिएशन, चिंता आणि अपुरी झोप यांचाही संबंध दिसतो. चिंतेचा उल्लेख झाला की ‘मनाचे खेळ’ म्हणून रुग्णाची बोळवण होते. ते चूक आहे, कारण नसेची इजा खरीच असते.

पूर्ण भूल देतानाच छातीच्या नसा बधिर करणारे इंजेक्शन, म्हणजे ब्लॉक, देण्याची पद्धत आता रुळली आहे. पाठीच्या कण्याशेजारी दिला जाणारा पॅराव्हर्टिब्रल ब्लॉक जुना. छातीच्या स्नायूंच्या थरांत औषध सोडणारा पेक्स ब्लॉक २०११ नंतर पुढे आला. पहिल्या दिवसाचे दुखणे आणि मॉर्फिनसारख्या औषधांची गरज यांमुळे कमी होते, यात वाद नाही. दूरच्या परिणामाबाबत मात्र एकमत नाही. अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दीर्घकालीन वेदनेचा धोका घटल्याचे दिसले, पण पुरावा मर्यादित होता. पुढच्याच वर्षी दोन हजारांहून अधिक स्त्रियांवरील आंतरराष्ट्रीय चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्यात सहा महिने आणि वर्षभरानंतर दुखणाऱ्यांचे प्रमाण ब्लॉक घेतलेल्या आणि न घेतलेल्या गटांत जवळपास सारखेच निघाले. तेव्हा ब्लॉक द्यावा तो लगेचच्या आरामासाठी. वर्षभरानंतरच्या आरामाची हमी त्याच्या नावावर देऊ नये. गॅबापेंटिन व प्रीगॅबालिन या गोळ्या ऑपरेशनआधी सर्रास देण्याचा उत्साह तर ओसरलाच आहे. फायदा किरकोळ आणि गुंगी, चक्कर मात्र नक्की वाढते.

हात जपून, अंगाशी धरून ठेवण्याची सवय अंगलट येते. खांदा आखडतो आणि दुखण्यात नव्या दुखण्याची भर पडते. ब्रिटनमधील प्रॉस्पर चाचणीत खांद्याच्या तक्रारींचा धोका जास्त असलेल्या स्त्रियांना फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली टप्प्याटप्प्याने व्यायाम दिला गेला. हालचालीचे व्यायाम ७ ते १० दिवसांनी सुरू झाले, ताकदीचे महिन्याभराने. वर्षअखेरीस या स्त्रियांच्या हाताची हालचाल नेहमीची माहितीपत्रके मिळालेल्यांपेक्षा चांगली होती आणि दुखणेही कमी होते.

टाके सुकल्यावरही आग किंवा विजेसारखी कळ राहिली, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता डॉक्टरांना सांगावे. नसेच्या दुखण्यावर साध्या वेदनाशामक गोळ्या फारशा चालत नाहीत. त्यासाठी ॲमिट्रिप्टिलीन, ड्युलोक्झेटिन यांसारखी वेगळी औषधे वापरली जातात.