लॅब्रेडोराइटची झळाळी म्हणजे फ्लुओरेसन्स नव्हे

लॅब्रेडोराइट हा फेल्डस्पार या खडकांत सर्रास आढळणाऱ्या खनिजगटातला दगड. त्याची निळी झळाळी तुमच्या ओळखीची असेल. नसेल तर मार्बलच्या दुकानात किचन ओट्यासाठी 'ब्लू पर्ल ग्रॅनाइट' मागून बघा. तो ग्रॅनाइट नसून नॉर्वेतला लार्विकाइट असतो आणि त्यात चमकतात ते फेल्डस्पारचे स्फटिक. आत अतिशय पातळ थर एकाआड एक रचलेले असतात, त्यांवरून परतणाऱ्या प्रकाशातला एखादा रंग उठून दिसतो. चंद्रकांत मण्याचा दुधी तवंगही याच कुळातला. ('रेनबो मूनस्टोन' मात्र पांढरा लॅब्रेडोराइट आहे. तो चंद्रकांत म्हणून विकणं मला अजिबात पटत नाही.)

गोंधळ घालते ती यूव्ही (अतिनील) टॉर्च. स्वस्तातली टॉर्च बहुधा ३९५ नॅनोमीटरची असते आणि ती डोळ्यांना दिसणारा जांभळा प्रकाशही भरपूर फेकते. तो लॅब्रेडोराइटवर पडला की जांभळा-निळा लखलखाट होतो, फोटो निघतो आणि खाली लिहिलं जातं, 'फ्लुओरेसंट', म्हणजे अतिनील प्रकाशात स्वतः चमकणारा. नवखी माणसं त्यावर विश्वास ठेवून पैसे मोजतात, याची मला खरोखर चीड येते.

झळाळीत दगड अंगावर आलेलाच प्रकाश परत पाठवतो. जांभळा टाकलात, जांभळा मिळाला. फ्लुओरेसन्समध्ये दगड अतिनील प्रकाश शोषून घेतो आणि त्याहून लांब तरंगलांबीचा, वेगळ्या रंगाचा प्रकाश स्वतः बाहेर टाकतो, तोही सगळ्या दिशांना. फेल्डस्पारमध्ये हे काम किंचितशी भेसळ करते. अ‍ॅल्युमिनियमची जागा घेतलेलं लोह गडद लाल प्रकाश देतं, युरोपियम निळा. न्यू जर्सीतल्या फ्रँकलिनचा मायक्रोक्लिन (हाही फेल्डस्पारच) २५४ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली फिकट निळा दिसतो, तो असा.

म्हणून टॉर्च एका जागी टेकवा आणि दगड हातात धरून सावकाश कलवा. लॅब्रेडोराइटवर निळा रंग एका कडेने शिरतो, पसरतो आणि आणखी थोडं कलवताच बटण बंद केल्यासारखा अख्खा तुकडा करडा पडतो. फ्लुओरेसन्स असा विझत नाही. उजेड थोडा कमी-जास्त होईल, रंग तोच राहील. शंका उरलीच तर टॉर्च बंद करून साध्या बल्बखाली तेच करा. झळाळी तिथेही येते, फ्लुओरेसन्स येत नाही.

दगड रुमालाने पुसू नका. कपडे शुभ्र दिसावेत म्हणून डिटर्जंटमध्ये घातलेल्या उजळकांमुळे दगडाला चिकटलेले कापडाचे धागेच निळे चमकतात आणि दगडाला फुकटचं श्रेय मिळतं.

फेल्डस्पारसाठी मी दिसणारा प्रकाश अडवणारा फिल्टर लावलेला २५४ नॅनोमीटरचा दिवाच वापरतो, डोळ्यांवर यूव्ही अडवणारा चष्मा लावून. लोहाचा लाल इतका गडद असतो की उजेडातून आल्याआल्या तो दिसत नाही. आधी दहा मिनिटं अंधारात बसायचं, मग दिवा लावायचा.