अनोळखी झाडाचे सरपण : पान आणि साल पाहून ओळख
(आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

वाळलेले किंवा वाऱ्याने पडलेले झाड तोडून ओंडके आमच्या वखारीत फोडायला आणले, की पहिला प्रश्न येतो : हे लाकूड कशाचे? तोवर पाने झडलेली असतात, साल अर्धी निघालेली असते आणि नुसत्या ओंडक्यावरून नाव सांगणे आम्हालाही जड जाते. म्हणून करवत लावण्याआधी झाड जागेवरच नीट पाहा.

पानापासून सुरुवात करा, पण हातात आलेले पूर्ण पान आहे की पानाचा एक भाग, हे आधी ठरवा. देठ जिथे फांदीला जुळतो त्या बेचक्यात बारीक डोळा असतो. पर्णिकेच्या, म्हणजे पानाच्या सुट्या दिसणाऱ्या भागाच्या, बेचक्यात तो नसतो. कडुनिंबाच्या एका काडीवर दोन्ही बाजूंनी जी 'पाने' दिसतात, ती सगळी मिळून एकच पान आहे. डोळा काडीच्या बुडाशी सापडतो. मग मांडणी पाहा : पाने समोरासमोर आहेत, एकाआड एक आहेत, की एका पेऱ्यावर तीन-तीन? फांदी झाडावरूनच तोडून घ्या. खाली पडलेले पान शेजारच्या झाडाचे असू शकते, वर चढलेल्या वेलाचेही.

साल पाहायची ती मुख्य खोडाची, छातीच्या उंचीवर. कोवळ्या फांद्यांची साल बहुतेक झाडांत गुळगुळीतच असते, त्यावरून अंदाज चुकतो. बाभळीची साल काळपट, उभ्या खोल भेगांची, आणि तिच्यावर बऱ्याचदा डिंक दिसतो. निलगिरीची साल लांब पट्ट्यांनी सुटते, आत फिकट गुळगुळीत खोड लागते. पान चुरगाळले की वासाने खात्री पटते. सुबाभळीचे पान बाभळीसारखेच बारीक पर्णिकांचे, म्हणून तिथे गफलत होते. सुबाभळीला काटे नसतात, साल राखाडी आणि बरीच सपाट असते, चपट्या शेंगांचे घोस लोंबतात. बाभळीची शेंग मात्र दोन बियांमध्ये आवळलेली, मण्यांच्या माळेसारखी. वेडी बाभूळ आणि बाभूळ यांत घोटाळा झाला तरी जळणाचे काही बिघडत नाही, दोन्हीही उत्तम जळतात. सावर आणि पांगारा यांच्या सालीवर जाड काटे असतात. त्यांचे लाकूड हलके, भरभर जळून जाते, निखारा धरत नाही. शेवगा तर सरपणासाठी तोडूच नका.

आता सर्वांत महत्त्वाचे. कण्हेर जाळू नका. पाने लांब, अरुंद, जाड आणि चिवट, बहुधा एका पेऱ्यावर तीन. मधली शीर ठळक आणि फिकट. झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, वाळल्यावरही विष जात नाही आणि धूरही घातक असतो. पिवळी कण्हेरही तितकीच विषारी. तिची पाने एकेकटी येतात आणि पान तोडताच पांढरा चीक गळतो. चीक म्हणजे विषच असे नाही, वड-उंबरालाही तो असतो. पण ओळख पटेपर्यंत चिकाचे लाकूड चुलीपासून लांब ठेवा. शेर, निवडुंग यांचा चीक डोळ्यांत गेला तर गंभीर इजा होते, आणि बिब्ब्याच्या चिकाने अंगावर फोड येतात. अशा ठिकाणी हातमोजे आणि चष्मा घालूनच हात लावा.

विषारी झाड नाही एवढी खात्री झाली, तर नाव न कळल्याने फारसे अडत नाही. पूर्ण वाळलेले कोणतेही लाकूड किलोमागे जवळपास सारखीच उष्णता देते. फरक पडतो तो घनतेचा : जड लाकूड थोड्या जागेत जास्त मावते आणि जास्त वेळ जळते. ताज्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते, आणि ते उकळून घालवण्यात उष्णता वाया जाते, धूर वाढतो. ओलावा 20 टक्क्यांवर असेल तर जाळण्याची घाई नको. फोडून, जमिनीपासून वर रचून, वरून झाकून आणि बाजू उघड्या ठेवून वाळवा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक आवाज यायला हवा. ओलावा मोजण्याच्या मीटरने मोजायचे तर ढलपी पुन्हा फोडून आतल्या ताज्या बाजूवर मोजा. बाहेरची बाजू बहुधा कोरडीच दाखवते.

ओळखायला येताना चार-पाच पाने जागेवर असलेली फांदी, खोडाच्या सालीचा तळहाताएवढा तुकडा आणि मिळाली तर शेंग किंवा फळ आणा. चीक येत असेल तर फांदी पिशवीत बांधून आणा आणि आल्याबरोबर आम्हाला तसे सांगा. सोबत उभ्या झाडाचा आणि सालीचा जवळून काढलेला फोटो असू द्या.