टोपीखालचा कोळी आणि गवती चहाचा वास

माडाखाली गळलेला कोवळा बोंडा उचला आणि त्याच्या टोपीची कड नीट बघा. तिथून खाली उतरणारा फिकट त्रिकोणी डाग दिसला तर समजा, आत इरिओफाइड कोळी (इंग्रजीत माइट, रस शोषणारी सूक्ष्म कीड) आहे. डाग पुढे तपकिरी होतो, सालीला भेगा पडतात आणि नारळ लहान, वाकडा राहतो. आकारावर भाव ठरणाऱ्या बाजारात भाटातल्या, म्हणजे माडांच्या बागेतल्या माणसाला याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही. हा कोळी मिलिमीटरच्या पाव भागाएवढा, लांबट, फक्त चार पायांचा. १९६५ मध्ये मेक्सिकोतल्या गेरेरोच्या नमुन्यांवरून त्याचे शास्त्रीय वर्णन झाले. भारतात तो १९९८ मध्ये केरळच्या एर्नाकुलम जिल्ह्यात आढळला आणि पुढे गोव्यातही पोचला.

मिरची-भेंडीवरचे कोळी वेगळे. त्यांना आठ पाय असतात. लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूला जाळे विणतो आणि पेशीत सोंड खुपसून हरितद्रव्य शोषतो. पानावर पांढुरके ठिपके उमटतात. मिरचीवरच्या पिवळ्या कोळ्याने पान उपड्या होडीसारखे खाली वळते. फुलकिड्यांनी ते वर वळते. गोव्यातल्या हरमलची मिरची लावणाऱ्याने एवढा फरक ओळखला तरी चुकीची फवारणी टळेल.

आणि ती टळायलाच हवी. उन्हाळ्यात लाल कोळ्याची पिढी आठवड्याभरात तयार होते. ९० हून अधिक कीटकनाशक घटकांना प्रतिकार करणारे कोळी जगभरात नोंदले गेले आहेत. काही औषधांनी कोळ्यांना खाणारे मित्रकिडेच आधी मरतात, आणि फवारल्यानंतर कोळी उलट वाढतात.

म्हणून शास्त्रज्ञ वासाच्या वनस्पतींकडे वळले. लवंग, दालचिनी, तुळस, निलगिरी, गवती चहा यांचा वास म्हणजे त्यांनी स्वतःच्या बचावासाठी साठवलेले सुगंधी तेल. लवंगेत युजेनॉल, ओव्यात थायमॉल, गवती चहात सिट्रल. कीटक आणि कोळी यांच्या मज्जासंस्थेत ऑक्टोपामीन नावाचे संदेशवाहक रसायन फार महत्त्वाचे असते. युजेनॉलसारखे घटक कीटकांमध्ये नेमका त्याचाच कारभार बिघडवतात, असे प्रयोगांत दिसले आहे. माणसात ऑक्टोपामीनला तसे काम नसते. थायमॉल तर मधमाश्यांच्या पेट्यांतल्या व्हॅरोआ कोळ्यावर मधपाळ वापरतातच.

मला सगळ्यात विलक्षण वाटतो तो रोझमेरीच्या तेलाचा प्रयोग. कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये या तेलातले घटक सुटे-सुटे करून लाल कोळ्यावर तपासले. सगळे घटक एकत्र असतानाच मिश्रण सर्वांत जहाल ठरले. एकाच रेणूला चुकवणे कोळ्याला जमते. अनेकांच्या मिश्रणाला तोंड देणे त्याला अवघड जात असावे, असे मला वाटते.

अडचण त्याच वासात आहे. वास येतो म्हणजे तेल उडते आहे. पातेल्यात गवती चहा उकळताना घरभर दरवळ सुटतो, तेव्हा तेल वाफेबरोबर निघून जात असते आणि काढ्यात थोडेच उरते. शेतातही उन्हात ते काही तासांत संपते. याचा फायदा असा, की मित्रकिडे लवकर परततात. तोटा असा, की नंतर अंड्यांतून निघालेल्या पिल्लांपर्यंत ते पोचत नाही. म्हणूनच तेल सूक्ष्म कुप्यांत भरून हळूहळू सोडण्यावर संशोधन चालू आहे. शिवाय तेल जास्त झाले तर पाने करपतात.

माडाचे दुखणे आणखी अवघड. कोळी टोपीखाली दडलेला, घड उंचावर. कासरगोडच्या केंद्रीय रोपण पीक संशोधन संस्थेने सांगितलेले मिश्रण म्हणजे लिटरभर पाण्यात २० मिली कडुनिंबाचे तेल, २० ग्रॅम लसूण आणि ५ ग्रॅम साबण. कडुनिंबाचे तेल उडत नाही, चिकटून राहते. लसणाचा उग्र दर्प त्याच्या सोबतीला. कोवळ्या घडांवर ते नेमके बसवायला माडावर चढणारा पाडेली लागतो, आणि आज पाडेली मिळणे हाच मोठा प्रश्न आहे.

मिरचीवर मात्र घरी पडताळा घेता येतो. तेलाच्या बाटलीच्या लेबलावर लिहिलेल्या प्रमाणात मिश्रण करा, आधी दोन-तीन पानांवर शिंपडून करपतात का ते बघा. मग ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा आणि एक ओळ मुद्दाम तशीच सोडा. दोन दिवसांनी दोन्हीकडची पाने पांढऱ्या कागदावर झटका आणि भिंगाखाली हलणारे ठिपके मोजा.