केबलमधला पीळ

इंदूरच्या रामबाग, नारायण बाग भागात अजून जाड भिंतींची जुनी घरं उभी आहेत. खालच्या बैठकीतल्या राउटरचं वाय-फाय माडीवर पोचेपर्यंत अर्धमेलं होतं, आणि शेवटी घरात इंटरनेटची (इथरनेट) केबल टाकायचं ठरतं. वायरमन केबल ओढतो, दोन्ही टोकांना कनेक्टर बसवतो, टेस्टर लावतो. आठही दिवे ओळीने पेटतात, काम झालं असं सगळे समजतात. आणि वर लॅपटॉप जोडला की कनेक्शन कधी लागतं, कधी तुटतं, कधी वेग सेकंदाला १०० मेगाबिटवरच अडकून बसतो.

टेस्टर खोटं बोलत नाही. आठ तारा या टोकापासून त्या टोकापर्यंत अखंड आहेत, एवढंच तो सांगतो. कोणती तार कोणत्या तारेशी पिळलेली आहे हे त्याला कळत नाही, आणि या केबलचं सगळं काम त्या पिळावर चालतं.

केबल सोलून पाहा. आत आठ तारा, चार जोड्या: नारिंगी, हिरवी, निळी, तपकिरी. प्रत्येक जोडीत एक भरीव रंगाची तार आणि एक त्याच रंगाच्या पट्ट्याची पांढरी. दर एक-दोन सेंटिमीटरला त्या एकमेकींभोवती वेढा घेतात. संदेश एका तारेतून जात नाही, जोडीतल्या दोन तारांमधल्या फरकातून जातो. समजा एका तारेवर +०.५ व्होल्ट आहे आणि दुसरीवर −०.५. फरक १ व्होल्ट. शेजारून पंख्याची किंवा ट्यूबलाइटची वायर जाते आणि ती दोन्ही तारांवर ०.३ व्होल्टचा गोंधळ चढवते. आता एकीवर ०.८, दुसरीवर −०.२. वजाबाकी करा: फरक अजूनही १ व्होल्टच. पलीकडचं यंत्र फक्त फरक वाचतं, त्यामुळे गोंधळ आपोआप गळून पडतो.

पण यात एक अट आहे. गोंधळ दोन्ही तारांवर सारखाच बसला पाहिजे. तारा नुसत्या समांतर ठेवल्या तर पंख्याच्या वायरीजवळची तार जास्त पकडेल, लांबची कमी. पीळ असला की आत्ता जवळ असलेली तार पुढच्या वेढ्यात लांब जाते आणि एकूण हिशेब बरोबरीत सुटतो. अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी टेलिफोनच्या तारांसाठी ही युक्ती वापरली आणि १८८१ मध्ये तिचं पेटंट घेतलं. १९९० मध्ये १० मेगाबिटच्या इथरनेटसाठी हीच पिळलेली तार प्रमाणित झाली, १९९९ मध्ये गिगाबिटसाठी, म्हणजे १००० मेगाबिटसाठी.

आणखी एक बारकावा डोळ्यांना दिसतो. चारही जोड्यांचा पीळ सारखा नसतो. एखादी घट्ट, एखादी सैल. हे मुद्दाम केलेलं असतं. दोन शेजारच्या जोड्यांचा पीळ एकसारखा असता तर त्यांचे वेढे जागच्या जागी जुळले असते आणि एकीचा संदेश दुसरीत झिरपला असता.

आता रामबागेतल्या त्या माडीवर परत येऊ. बसवणाऱ्याने रंग स्वाभाविक वाटतील असे लावले: नारिंगी जोडी पिन १-२ वर, हिरवी ३-४, निळी ५-६, तपकिरी ७-८. दोन्ही टोकांना तसंच, म्हणून टेस्टर खूश. पण पोर्टमधल्या, म्हणजे कनेक्टर जिथे खुपसतात त्या खाचेतल्या, पिनांच्या जोड्या अशा असतात: १-२, ३-६, ४-५, ७-८. मधले दोन पिन टेलिफोनच्या जोडीसाठी राखलेले होते, म्हणून तिसरी तार सहाव्या पिनची जोडीदार झाली. परिणामी ३-६ वर हिरव्या पिळातली एक तार आणि निळ्या पिळातली एक तार अशी विजोड जोडी तयार होते. वजाबाकीचा हिशेब तिथे बिघडतो. एक-दोन मीटरच्या तुकड्यावर हे खपूनही जातं. तीस मीटरवर नाही.

योग्य क्रम, कनेक्टरची खिट्टी खाली आणि पितळी पट्ट्या पुढे धरून डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. याला टी-५६८-बी म्हणतात. दोन्ही टोकांना हाच.

बाहेरचं आवरण सुमारे तीन सेंटिमीटर सोला, आतल्या तारांना ब्लेड लागू देऊ नका. तारा सरळ करून क्रमाने लावा आणि आवरणापासून १२-१३ मिलिमीटर ठेवून सगळ्या एका रेषेत कापा. कनेक्टरच्या पुढच्या टोकातून आठही तांब्याचे ठिपके दिसेपर्यंत आत सरकवा. बाहेरचं आवरण कनेक्टरमधल्या दाबपट्टीखाली आलंच पाहिजे, नाहीतर ओढ तारांवर येते. मग क्रिम्पर, म्हणजे पट्ट्या तारांत रुतवणारा चिमटा, दाबा. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, केबलचा मात्र दोन बोटांनी सहज जातो. १३ मिलिमीटरपेक्षा जास्त उलगडू नका.

वेग नेमका १०० दिसत असेल तर आधी निळी आणि तपकिरी जोडी तपासा. १०० मेगाबिटला फक्त १, २, ३, ६ हे पिन लागतात. गिगाबिट चारही जोड्यांवर प्रत्येकी २५० मेगाबिट चालवतं. एक तार सैल राहिली की बहुतेक यंत्रं गुपचूप १०० वर उतरतात.

केबल घेताना सगळ्यात मोठी फसगत धातूची होते. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलपासून ऑनलाइनपर्यंत, स्वस्त पेटी दिसली की 'सीसीए' अक्षरं शोधा: म्हणजे आत अॅल्युमिनियम, वर तांब्याचा मुलामा. तार ब्लेडने खरवडली की आत पांढरट धातू दिसतो. त्याचा विद्युतरोध तांब्याच्या दीडपटीहून जास्त. केबलमधूनच वीज घेणाऱ्या कॅमेऱ्याला हे महागात पडतं: दिवसभर ठीक चालतो, रात्री त्याचे इन्फ्रारेड दिवे लागले की विजेची मागणी वाढते, तारेत व्होल्टेज पडतं आणि कॅमेरा बंद-चालू होत राहतो. शुद्ध तांब्याचीच केबल घ्या. घरासाठी कॅट-५-ई प्रतीची केबल गिगाबिटला पुरते. भिंत एकदाच फोडायची तर त्यावरच्या प्रतीची कॅट-६ घालावी. दोन्ही टोकांच्या छोट्या जोडकेबली (पॅच कॉर्ड) धरून एकूण लांबीची मर्यादा १०० मीटर.

ओढताना ११ किलोपेक्षा जास्त जोर नको, आणि वळण केबलच्या जाडीच्या चौपटीपेक्षा लहान नको. खिळ्याची क्लिप ठोकून केबल चपटी केली की तारांमधलं अंतर बदलतं, आणि त्या जागेवरून संदेशाचा काही भाग उलट फिरतो. वायरमनला एक गोष्ट ठामपणे सांगा: दिव्या-पंख्याच्या पाइपमधून ही केबल न्यायची नाही. गोंधळ तर वाढतोच, पण २३० व्होल्टची वायर घासली गेली तर जीवावर बेतू शकतं.

गच्चीवरून शेजारच्या घरात केबल टाकणं हा वेगळा मामला आहे. माळव्यात पावसाळ्याच्या तोंडाशी विजा कडाडतात. जवळपास वीज पडली की उघड्यावरच्या तांब्यात दाब उसळतो आणि दोन्ही टोकांचे पोर्ट जळतात. तिथे फायबर, म्हणजे प्रकाशाने संदेश नेणारी काचेची तार, टाका आणि दोन्ही बाजूंना मीडिया कन्व्हर्टर, म्हणजे प्रकाशाचा संदेश तांब्याच्या केबलसाठी बदलणारी डबी, लावा. काचेतून वीज जात नाही. फक्त फायबरला आधारासाठी पोलादी तार असेल तर ती भिंतीबाहेरच वेगळी करून बांधा, घरात आणू नका.